वापरलेली ‘जेम’ घेताय? स्टीव्ह वायच्या गिटारी ओळखायच्या कशा

मित्रानं विक्रीला आलेल्या गिटारीचा फोटो पाठवलाय. बॉडीत बोटं घालून उचलता येईल असं भोक आहे, फ्रेटबोर्डवर वेल चढत गेलीय आणि खाली मजकूर: ‘आयबानेझ जेम, स्टीव्ह वाय सिग्नेचर, रेअर पीस, किंमत फोनवर.’ फोन करायला हरकत नाही, पण त्याआधी थोडा अभ्यास करा. जेम या नावाखाली जगात चार प्रकारच्या गिटारी फिरतात. पहिला प्रकार स्वतः वायच्या हातातल्या गिटारींचा, त्या आपल्यापर्यंत येत नाहीत. दुसरा मोजून काढलेल्या मर्यादित आवृत्त्यांचा. तिसरा वर्षानुवर्षं कारखान्यातून निघालेल्या नेहमीच्या मॉडेलांचा आणि चौथा सरळसरळ नकलांचा. गंमत अशी की चौथ्या प्रकारच्या जाहिरातीत ‘रेअर’ सर्वात मोठ्या अक्षरांत असतं.

हा लेख नवख्यांसाठी आहे. वाजवता थोडंफार येतं, वायचं वादन आवडतं, पण सिग्नेचर, म्हणजे एखाद्या वादकाच्या नावानं निघणाऱ्या, गिटारींच्या बाजारात अजून पाय ठेवलेला नाही, असे तुम्ही आहात असं गृहीत धरतो.

आधी गिटार का अशी आहे ते कळू द्या

स्टीव्ह वाय १९६० चा, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचा. शिकला गिटारवादक जो सॅट्रिआनीकडे, कोवळ्या वयात रॉक संगीतकार फ्रँक झप्पासाठी स्वरलिपी लिहून देऊ लागला, आणि १९८६ च्या सुमाराला गायक डेव्हिड ली रॉथच्या बँडबरोबर मोठमोठ्या स्टेडियममध्ये वाजवत होता. त्या काळात त्याच्या हातात एक पोपटी हिरवी गिटार असायची, ‘ग्रीन मीनी’. शार्वेल कंपनीच्या बॉडीवर स्वतः कोरून, खरवडून केलेली. बाजारात मिळणाऱ्या कुठल्याच गिटारीवर त्याला हवं ते सगळं एकत्र मिळत नव्हतं, म्हणून हा खटाटोप.

पुढे त्यानं आपल्या मागण्यांची यादी कंपन्यांपुढे ठेवली आणि जपानच्या आयबानेझनं ती मनावर घेतली. नाव स्पॅनिश असलं तरी ही कंपनी नागोयाच्या होशिनो गाक्कीची. साल्वादोर इबान्येझ या स्पॅनिश कारागिराच्या गिटारी होशिनो आयात करायचे, तिथून हे नाव चिकटलं. १९८७ मध्ये जेम ७७७ बाजारात आली. ‘जेम’ हे नाव वायचा मित्र जो डेस्पॅग्नी याच्या गिटारींचं. बनवण्याचं काम नागानो प्रांतातल्या मात्सुमोतोच्या फूजीगेन कारखान्यात व्हायचं, आणि जपानी जेमची जी काही इभ्रत आहे तिचा मोठा वाटा या कारखान्याचा आहे.

वायच्या त्या मागण्या नीट समजून घ्या, कारण अस्सल-नकलीची निम्मी परीक्षा त्यांच्यातच दडलेली आहे.

फ्रेट २४, आणि शेवटचे चार, म्हणजे २१ ते २४, स्कॅलप केलेले. स्कॅलप म्हणजे दोन फ्रेटच्या मधलं लाकूड वाटीसारखं खोलगट तासलेलं. तिथे बोटाला लाकूड लागत नाही, फक्त तार लागते, त्यामुळे उंच स्वरांवर बेंड आणि व्हायब्रेटो सहज निघतो. तिथपर्यंत हात पोचावा म्हणून बॉडीची खालची खाच खोल. पिकअपची मांडणी हंबकर-सिंगल-हंबकर (हंबकर दोन कॉइलचा, सिंगल एका कॉइलचा), आणि पाच जागांचा स्विच असा जोडलेला की दुसऱ्या आणि चौथ्या जागी हंबकरची एकच कॉइल मधल्या सिंगलबरोबर चालते. म्हणून ही गिटार एका क्षणी जाड गुरगुरते आणि स्विच टिचकी मारून हलवला की फेंडरच्या स्ट्रॅटसारखी स्वच्छ, खणखणीत बोलते. ब्रिजच्या मागे बॉडीत सिंहाच्या पंजासारखे ओरखडे कोरलेले असतात. ते सजावटीचे वाटतात, पण खरं काम खोलगटपणाचं आहे: ब्रिजला लावलेला ट्रेमोलोचा दांडा, म्हणजे बार, वर ओढला की ब्रिजचा मागचा भाग त्या खड्ड्यात उतरतो आणि स्वर वर चढतो. त्या काळातल्या बऱ्याच गिटारींवर बार फक्त खाली दाबता यायचा.

राहिलं ते भोक, मंकी ग्रिप. त्याचा आवाजाशी काही संबंध नाही. वायला स्टेजवर गिटार धरून भिरकवायची होती, बस्स.

कुठली खरोखर दुर्मीळ, कुठली नुसती जुनी

इथे जरा थांबावं लागेल, कारण पैशाचा सगळा घोळ इथेच होतो.

सर्वात मानाची पहिली हिरवी, जेम ७७७ लॉक नेस ग्रीन. संख्या ७७७, आणि प्रत्येकीवर वायची हाताने केलेली सही व क्रमांक. त्याच वेळी डेझर्ट सन यलो आणि शॉकिंग पिंक हे दोन भडक रंगही निघाले, पण ते नेहमीची मॉडेलं म्हणून. पिवळी जेम जुनी आहे, सुंदर आहे, महागही असते, पण ती हिरवीइतकी दुर्मीळ नाही. विक्रेता ‘पहिल्या ७७७ पैकी’ म्हणून पिवळी किंवा गुलाबी दाखवत असेल तर त्याला एक तर माहिती नाही किंवा भरपूर माहिती आहे.

१९८८ मध्ये फ्लोरल आली, जेम ७७ एफपी. हिच्या बॉडीवर रंग नाही, खरं फुलाफुलांचं कापड चिकटवून वर लॅकर चढवलेलं आहे. आपल्याकडे पडद्याला किंवा सोफ्याच्या खोळीला शोभेल असं कापड. फ्रेटबोर्डवरची ती प्रसिद्ध वेल हिच्यापासूनची. कापड कापताना फुलं प्रत्येक गिटारीवर वेगळ्या जागी पडली, म्हणजे तंतोतंत एकसारख्या दोन फ्लोरल सहसा सापडत नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

१९९० मध्ये युनिव्हर्स आली, सात तारांची. तिच्या रंगीबेरंगी आवृत्तीवर ‘स्वर्ल’ पद्धतीचा रंग आहे: पाण्याच्या टाकीवर रंग तरंगत सोडायचे आणि बॉडी त्यात बुडवून काढायची. हीही दर वेळी वेगळी. सात तारांची गिटार तेव्हा रॉकमध्ये विक्षिप्तपणा समजला जायचा. चारच वर्षांनी कॉर्न या मेटल बँडच्या दोघा गिटारवादकांनी युनिव्हर्सवरच तो खालचा, जडशीळ आवाज काढला आणि नंतर मेटलवाल्यांची रांग लागली. वायनं मागितली एका कारणासाठी, जगानं वापरली दुसऱ्याच.

१९९३ ची पांढरी, सोनेरी हार्डवेअरची जेम सेव्हन-व्ही ही तुम्हाला सर्वाधिक दिसेल, कारण ती वर्षानुवर्षं बनत राहिली. वायची स्वतःची ‘इव्हो’ याच घराण्यातली. डिमार्झिओ कंपनीच्या इव्होल्यूशन पिकअपची चाचणी तिच्यावर झाली म्हणून तिचं नाव इव्हो. वाजवण्यासाठी जेम हवी असेल तर माझं मत सेव्हन-व्हीला. ती दुर्मीळ नाही, पण लपवाछपवी कमी असते, सुटे भाग मिळतात, आणि ती स्टेजवर न्यायला भीती वाटत नाही.

२००० साली एक आवृत्ती निघाली जिच्या रंगात वायचं स्वतःचं रक्त मिसळलेलं आहे. संख्या ३००, नाव डीएनए. माझ्या मते हा निव्वळ तमाशा आहे, पण संग्राहक तिच्यासाठी जीव टाकतात. विसाव्या वर्षी, २००७ मध्ये, आरपार दिसणाऱ्या ॲक्रिलिकची, आतून दिवे लागणारी जेम आली. वजन उचलून बघाल तर हौस फिटेल. २०१७ मध्ये तिसाव्या वर्षानिमित्त जुने भडक रंग पुन्हा काढले, त्यामुळे ‘निऑन रंग म्हणजे १९८७ ची’ हे समीकरण आता चालत नाही. आणि २०२० पासून वायचं मुख्य मॉडेल पिया आहे, ज्यात मंकी ग्रिपच्या जागी फुलाच्या पाकळ्यांसारखं कोरीव काम आहे. पिया हे त्याच्या पत्नीचंही नाव.

स्वस्तातल्याही अस्सल जेम आहेत. जेम ५५५ बहुतांशी कोरियात बनायची, जेम ज्युनिअर इंडोनेशियात. त्या नकली नाहीत. फक्त जपानी जेमच्या भावात कुणी त्या गळ्यात मारत असेल तर नमस्कार करून उठा.

फोटो मागवताना

जाहिरातीतले फोटो बहुधा समोरून आणि लांबून काढलेले असतात. विक्रेत्याकडे नव्याने हे मागा: हेडस्टॉकची मागची बाजू, नेक बॉडीला जोडते तो सांधा मागून, ट्रेमोलोचा जवळून फोटो, २१ ते २४ फ्रेट तिरप्या उजेडात, आणि एका चिठ्ठीवर आजची तारीख लिहून ती गिटारीवर ठेवलेला फोटो. चिठ्ठीला नकार मिळाला तर पुढे बोलू नका.

अनुक्रमांकात पुढे एफ असेल तर फूजीगेन. १९८७ ते १९९६ पर्यंत एफनंतरचा पहिला आकडा वर्षाचा: एफ ८ म्हणजे १९८८. १९९७ पासून वर्षाचे दोन आकडे येतात. पुढे सी किंवा एस असेल तर कोरिया, आय असेल तर इंडोनेशिया. पण अनुक्रमांक फक्त कारखाना आणि वर्ष सांगतो, मॉडेल नाही. त्याच साली त्याच कारखान्यातून आयबानेझच्याच आरजी मालिकेच्याही गिटारी निघत होत्या, आणि आरजीचा सांगाडा जेमचाच भाऊ आहे. शिवाय सुरुवातीच्या काळात क्रमांक नेकच्या मागच्या धातूच्या पट्टीवर असायचा, आणि ती पट्टी चार स्क्रूंची असते. चार स्क्रू कुणालाही काढता येतात.

तो मागचा सांधाही वर्षाशी जुळतो का बघा. पहिल्या वर्षांतल्या जेमचा सांधा चौकोनी, ठोकळ्यासारखा आणि धातूच्या पट्टीचा. नंतरच्या सांध्याची कड तासून गोलसर केलेली, पट्टी गायब आणि प्रत्येक स्क्रूला स्वतंत्र टोपी. १९८८ म्हणून विकली जाणारी गिटार गोल सांध्याची निघाली तर एकतर नेक-बॉडी वेगवेगळ्या गिटारींची आहे किंवा कहाणी खोटी आहे.

आता ते फुलांचं. फ्लोरल किंवा स्वर्ल गिटारीचा फोटो इंटरनेटवरच्या चित्रशोधात टाका. नेमकं तेच फूल त्याच कोपऱ्यात, किंवा रंगाची तीच भोवरी, दुसऱ्या देशातल्या जुन्या जाहिरातीत सापडली, तर विक्रेत्यानं फोटो उचललेला आहे. पांढऱ्या सेव्हन-व्हीवर ही युक्ती फारशी चालत नाही.

गिटार समोर आली की

बरोबर एक तिरपा टॉर्च, ट्यूनर, छोटा स्क्रूड्रायव्हर आणि जमलं तर अतिनील प्रकाशाची लहान टॉर्च घ्या. ॲम्प असेल तिथेच भेटा.

ट्यून करायच्या आधी नख फिरवा. विसाव्या फ्रेटपासून वर नख लाकडावर टेकवून सरकवत न्या. अस्सल जपानी जेमवर विसाव्यानंतर लगेच नख खड्ड्यात उतरतं, फ्रेटवर चढतं, पुन्हा उतरतं. मागे एका ओळखीच्या मुलासाठी पांढरी ‘जेम’ बघायला गेलो होतो. सोनेरी हार्डवेअर चकाकत होतं, वेल होती, ग्रिप होती. नख मात्र विसाव्यापासून चोविसाव्यापर्यंत सपाट रस्त्यावरून गेल्यासारखं गेलं. मग वेलीकडे टॉर्च धरला, तर पानांच्या कडेला काळसर पुट्टी भरलेली. ग्रिपच्या आत बोट फिरवलं तर कड खरखरीत, रंगाचा ओघळ तसाच सुकलेला. शेवटी बार खाली दाबून सोडला आणि सहाही तारा चढ्या परतल्या. मालक मनापासून म्हणाला, “अहो, मी जपानची म्हणूनच घेतली.” तोही फसलाच होता. मुलगा हिरमुसला, पण पैसे वाचले.

बारची ती परीक्षा अस्सल गिटारीवरही करायचीच. तारा पूर्ण लोंबेपर्यंत बार दाबा, सोडा, ट्यूनर बघा. मग वर ओढून सोडा, पुन्हा बघा. दोन्ही वेळा काटा जवळपास जागेवर यायला हवा. एज, म्हणजे आयबानेझचा ट्रेमोलो, दोन खुंट्यांवर धारेवर टेकून डोलतो. ती धार बोथट झाली किंवा खुंट्यांना खाच पडली की ट्यूनिंग परत येत नाही, आणि हा खर्च किमतीतून वजा करून मागायला हवा. खुंट्यांची उंची मात्र तारा ताणलेल्या असताना फिरवू नका, आणि विक्रेत्यालाही फिरवू देऊ नका. धार नेमकी अशीच मरते.

निऑन रंगाच्या गिटारीचं पिकगार्ड थोडं उचलता आलं तर बघा. उन्हात हे रंग फिके पडतात, पण पिकगार्डखाली मूळ झळाळी टिकते. खाली वेगळाच रंग निघाला तर बॉडी नंतर रंगवलेली आहे. अतिनील टॉर्चखाली मूळ निऑन रंग जास्त उजळतो, साधा ऑइल पेंट तसा उजळत नाही. फ्लोरलवर फोन अगदी जवळ नेऊन फोटो काढा आणि मोठा करून पाहा: कापडाचे धागे दिसतात की छपाईचे ठिपके?

स्विचच्या पाचही जागा वाजवून बघा. दुसऱ्या आणि चौथ्या जागी आवाज पातळ आणि काचेसारखा व्हायला हवा. तसा होत नसेल तर वायरिंग बदललेलं आहे. पिकअप बदललेले असणं हा गुन्हा नाही, बरेच वादक बदलतात. मूळचे जोडीला देत असतील तर उत्तम.

नेक काढून आतले शिक्के बघायची परवानगी मिळाली तर बघा. नेकच्या टोकावर किंवा बॉडीच्या खोबणीत बरेचदा कारखान्याच्या खुणा सापडतात. पण दुसऱ्याच्या गिटारीचा नेक पहिल्याच भेटीत काढायला मागणं जरा जास्तच होतं. सौदा नक्की होत आल्यावर मागा.

सहीबद्दल एवढंच: हिरव्या ७७७ वरची सही कारखान्यातून आली, बाकी बहुतेक सह्या नंतर कुठल्या तरी कार्यक्रमानंतर घेतलेल्या. त्यांच्यासोबत फोटो असेल तर छान, नसेल तर मी त्यासाठी एक रुपयाही जास्त देणार नाही.

परदेशातून आणायची असेल तर

आपल्याकडे जुन्या जेम मोजक्याच फिरतात, म्हणून शोध बरेचदा जपान किंवा अमेरिकेपर्यंत जातो. जपानी दुकानदार वर्णन प्रामाणिक करतात असा अनुभव आहे. ओरखडासुद्धा लिहितात. भाव बघून हुरळू नका: पाठवणी, विमा आणि सीमाशुल्क धरूनच हिशेब करा, आणि शुल्काचा ताजा दर आधी कुरिअरवाल्याकडून लेखी घ्या. ‘गिफ्ट म्हणून कमी किंमत दाखवतो’ म्हणणाऱ्याला नको म्हणा. वाटेत गिटार मोडली तर विम्याचे पैसे त्या खोट्या किमतीवरच मिळतील. तिकडून मावसभाऊ किंवा लेक येताना आणणार असेल तर पावती हातातल्या पिशवीत ठेवायला सांगा, आणि शुल्क भरावं लागेल हे आधीच कानावर घाला.

फ्रेटबोर्डच्या लाकडाबद्दल लोक उगाच घाबरतात. २०१७ मध्ये सगळं रोझवुड आंतरराष्ट्रीय निर्बंधांत आलं तेव्हा गिटारीलाही कागद लागायचे. २०१९ च्या शेवटापासून तयार वाद्यांना सूट आहे. अपवाद ब्राझिलियन रोझवुडचा, त्याचे निर्बंध फार जुने आणि कडक आहेत. जगभरच्या गिटारींवर दिसणारं बरंचसं ‘इंडियन रोझवुड’ म्हणजे आपली शिसवी.

पाठवणाऱ्याला सांगा: तारा थोड्या सैल करा, ट्रेमोलोखाली घट्ट कापड किंवा ठोकळा कोंबा, बार काढून वेगळा गुंडाळा.

घरी आल्यावर

आल्याआल्या केस उघडू नका. डोंबिवलीच्या जूनमधल्या हवेत आणि जपानहून आलेल्या बॉक्समध्ये बराच फरक असतो. बंद केस खोलीत काही तास राहू द्या.

तरंगत्या ब्रिजची सवय नसेल तर पहिला आठवडा चिडचिडीत जातो. एक तार चढवली की बाकीच्या उतरतात, कारण एका बाजूला तारा आणि दुसऱ्या बाजूला मागच्या स्प्रिंगा अशी ओढाताण चालू असते. म्हणून सहाही तारा फेऱ्याफेऱ्यांनी ट्यून करा. सगळ्या जुळल्या आणि ब्रिज बॉडीला समांतर असला, तरच वरच्या नटची कुलपं आवळा. ब्रिज पुढे झुकलेला दिसला तर मागचं झाकण काढून स्प्रिंगा ज्याला अडकवलेल्या असतात त्या धातूच्या पंजाचे दोन स्क्रू थोडे आत घ्या, पुन्हा ट्यून करा, पुन्हा बघा. तारा नऊ नंबरच्या सेटच्याच ठेवा. दहाचा सेट चढवलात तर हा सगळा तोल पुन्हा जुळवावा लागतो. तार बदलताना एकेक बदला, सगळ्या एकदम काढल्या की ब्रिज मागे आपटतो आणि रंगाला चट्टा पडतो.

पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास काटा राहिला तर नेक शांत राहते. कोकणात आणि गोव्यात हा काटा खाली आणणं जड जातं. तिथे वाजवून झाल्यावर तारा आणि एजचे स्क्रू कोरड्या कापडानं पुसायची सवय जास्त कामाची, कारण सगळ्यात आधी गंज त्या बारीक स्क्रूंनाच चढतो.

काही बदलायचं मनात आलं, पिकअप, स्विच, अगदी पट्ट्याचं बटणसुद्धा, तर काढलेला मूळ भाग स्क्रूंसकट झिपच्या पिशवीत घाला, वर तारीख आणि जागा लिहा आणि केसच्या कप्प्यात टाका. खरेदीची पावती, विक्रेत्याशी झालेल्या संभाषणाच्या प्रिंट आणि अनुक्रमांकाचा फोटोही त्याच कप्प्यात.